आंबी, आंबा, आंबील

‘वाटाड्या’ची चाचणी आवृत्ती लोकांच्या फोनवर पोचली आणि यशोधराला धड जेवायलाही फुरसत मिळेना. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं हा नवा ब्राउझर बनवला होता. त्यात टाइप करायची कटकट नव्हती. फोनशी मराठीत बोलायचं, की तो इंटरनेटवरून हवं ते शोधून पुढ्यात ठेवणार. सगळ्यांसाठी खुला करायच्या आधी तो थोड्या लोकांना वापरायला दिला होता. त्यांच्या प्रतिक्रिया वाचायच्या, ऐकायच्या आणि इंजिनिअर मंडळींना समजेल अशा भाषेत मांडून द्यायच्या, हे यशोधराचं काम. लोणावळ्याजवळ वलवणच्या घरी खिडकीशी टेबल लावून ती ते करायची. पुण्याच्या ऑफिसात अधूनमधून जाणं व्हायचं.

प्रतिक्रिया तऱ्हेतऱ्हेच्या येत. कुणाला निळा रंग खुपत होता, कुणाला बटणं बारीक वाटत होती. कामशेतचा एक दुकानदार वैतागून सांगत होता, की मी ‘पवना धरण’ म्हटलं की हा ‘पाहुणा धरून’ ऐकतो. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी ब्राउझरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवत. एका कॉलेजातल्या मुलीनं तर एवढंच विचारलं होतं, की जुन्यात काय वाईट होतं?

आणि बेगडेवाडीच्या अंबूबाई होत्या.

बेगडेवाडीच्या बचत गटातल्या बायकांना ‘वाटाड्या’ वापरायला द्यावा, ही कल्पना यशोधराचीच. ती स्वतः तिथं गेली होती. सुरुवातीला बायका फोन हातात घेऊन अंग चोरून बसल्या होत्या. मग यशोधरा म्हणाली, “मावशी, घाबरायचं न्हाई. घरात बोलताव तसंच बोला. आमी बी हितलंच हाय, वलवणचं.” तिच्या तोंडून ‘न्हाई’ आणि ‘हितलंच’ ऐकल्याबरोबर बायकांचे चेहरे खुलले. साठीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकवाच्या अंबूबाई पुढं सरकून म्हणाल्या, “आन् आमचं बोलनं आनखी कुनी ऐकंल का गं?”

“फकस्त मी ऐकंन, मावशी. भायेर न्हाई जायचं.”

असं बोलून तिला बरीच वर्षं झाली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुण्यात तिनं वर्गात ‘कुटं’ म्हटलं, तेव्हा मागचा बाक हसून लोळला होता. पुढं कित्येक दिवस कँटीनमध्ये तिला बघितलं की कुणीतरी ‘कुटं कुटं’ करायचं. तेव्हापासून तिनं एकेक शब्द निवडून काढला, खड्यासारखा. आता तिचं बोलणं ऐकून ती वलवणची आहे हे कुणी ओळखलं नसतं. त्या दिवशी बेगडेवाडीत मात्र जुनी बोली कामाला आली. परतताना तिला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

‘वाटाड्या’त एक प्रतिक्रियेचं बटण होतं. ते दाबलं, की त्याआधी फोनशी जे काही बोलणं झालं असेल ते यशोधराकडे येई. बाकीचे लोक ते कधीमधी दाबत. अंबूबाई राग आला की दाबत, आणि राग त्यांना रोज येई. भजन मागितलं तर भजी दाखवतो. हवामान विचारलं तर हनुमान दाखवतो. त्या ब्राउझरला मनापासून झापत, मधेच समजूत घालत, परत झापत. यशोधराला ते ऐकताना मजा वाटे. दिवसभराच्या कोरड्या तक्रारींत तेवढाच एक जिवंत आवाज.

एका शुक्रवारी अंबूबाईंचं असंच एक बोलणं आलं.

“आंबीला जायला तळेगावातनं गाडी कवा मिळंल?” अंबूबाईंनी आधी नीट, सावकाश विचारलं होतं. ‘वाटाड्या’नं आंबे दाखवले.

“आरं, आंबं न्हाई रं बाबा! आंबी! आंबी गाव!”

‘वाटाड्या’नं आंबील कशी करावी ते सांगायला सुरुवात केली.

“मुडद्या, मला आंबील शिकवतोस व्हय? तुज्या आज्यानं पेली नसंल अशी आंबील करते मी! लेकीकडं जायचंय मला, लेकीकडं!”

‘वाटाड्या’ म्हणाला, लेखी परीक्षेचं वेळापत्रक अजून जाहीर झालेलं नाही.

मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. आणि शेवटी, आवाज अगदी खाली आणून, स्वतःलाच सांगितल्यासारखं, “हळू बोल अंबे, हळू. ओंकार यायचा एवढ्यात.”

त्याच संध्याकाळी टीमची ऑनलाइन बैठक होती. सगळे थकलेले. गावांची नावं ब्राउझरला कळत नाहीत, हे यशोधरा दोन आठवडे ओरडून सांगत होती आणि कुणी मनावर घेत नव्हतं. तिनं अंबूबाईंचं बोलणं लावलं. हेतू कामाचाच होता, निदान सुरुवातीला. ‘आंबील’पाशी टीममधला इंजिनिअर निलेश हसत हसत खुर्चीवरून खाली वाकला. ‘तुज्या आज्यानं’ला टीमची मुख्य समीक्षा डोळे पुसायला लागली. परत लाव, परत लाव, असं झालं. यशोधरानं परत लावलं. मग तिनं स्वतः नक्कल करून दाखवली, पदर सावरण्यासकट. तिच्याइतकी हुबेहूब नक्कल त्या सगळ्यांत कुणाला जमणार होती? इतके दिवस तिचं बोलणं संपायच्या आत पुढच्या विषयाकडे वळणारी माणसं टाळ्या वाजवत होती.

पुढं ते ऑफिसात रूढच झालं. कुणाचा माइक चुकून चालू राहिला, की कुणीतरी म्हणायचं, “हळू बोल अंबे!” यशोधराही म्हणायची.

निलेशनं तिच्याकडे ते बोलणं मागितलं. “मित्रांना ऐकवतो फक्त,” म्हणाला. पाठवण्याआधी तिनं ते जरा कापून-जोडून नीट केलं. शेवटच्या वाक्याशी तिचा हात थबकला. त्यात नावं होती, अंबूबाईंचं आणि त्यांच्या मुलाचं. ते काढून टाकायला हवं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण सगळ्यात जास्त हसू त्याच वाक्याला येत होतं. तिनं ते तसंच ठेवलं.

निलेशनं त्याला आंब्यांची चित्रं जोडली, मागं सनई लावली आणि इंटरनेटवर टाकलं. चार दिवसांत ते मावळभर झालं. तळेगावच्या भाजीबाजारात, लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानांत, रिक्षावाल्यांच्या फोनवर, जिकडं तिकडं आंबी, आंबा, आंबील. यशोधरानं घाबरून निलेशला फोन केला. त्यानं लगेच आपली क्लिप काढून टाकली, पण तोवर ती कितीजणांनी उतरवून घेतली होती त्याला सुमार नव्हता.

समीक्षानं बैठक घेतली. वापरणाऱ्यांचं बोलणं बाहेर गेलंच कसं, असं तिनं कडक आवाजात विचारलं. निलेशनं क्षणभर स्क्रीनवरच्या यशोधराच्या चौकटीकडे बघितल्यासारखं केलं आणि मग म्हणाला, “मी टाकली. माझी चूक.” त्याला समज मिळाली. यशोधरा खाली मान घालून काहीतरी लिहीत राहिली. लिहीत काहीच नव्हती.

त्यानंतर अंबूबाईंची एकही प्रतिक्रिया आली नाही.

यशोधरा स्वतःची समजूत घालत राहिली. बाईंना काय कळणार आहे? लोक विसरतील, उद्या दुसरं काहीतरी येईल. ही समजूत टिकली ती तिची आई शकुबाई शेजारच्या अमृताकडून येईपर्यंत. शकुबाईंनी आयुष्यभर तुंगार्लीच्या बंगल्यांवर स्वयंपाक केला होता आणि आता गुडघ्यांमुळं घरी असत.

“अमृतानं फोनवर एक बाई ऐकवली,” शकुबाई मेथी निवडायला बसत म्हणाल्या. “आंबीलवाली. तू ऐकलीस?”

“हं.”

“कुटली हाय गं ती?”

“मला काय माहीत?” यशोधरा म्हणाली.

शकुबाई हसत नव्हत्या. त्यांनी मेथीची चार पानं खुडली. “लेकीकडं जायचंय म्हनती बिचारी. चोरून जायचंय जनू. काय झालं आसंल?” मग थोड्या वेळानं, “यशू, तुजी मिटिंग चालू आसती तवा मी मागनं बोलते. भाजी काय करू, दूध आलं का. त्या तुज्या लोकास्नी बी आसंच हसू येत आसंल न्हवं?”

“काहीतरीच काय, आई!”

शकुबाईंनी मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी यशोधरा लॅपटॉप उघडून बसली, तेव्हा त्या दाराशी आल्या आणि तोंडानं काही न बोलता हातानंच विचारलं, जेवायचं? यशोधरानं मोठ्यानं सांगितलं, “बोल ना, काही होत नाही.” शकुबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाय न वाजवता परत गेल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. स्वतःच्या घरात आई मुक्यानं वावरत होती आणि ते यशोधराला घास गिळू देईना.

तिनं समीक्षाला फोन करून सगळं सांगितलं. मीच लावलं, मीच नक्कल केली हे तुला माहीतच आहे, पण निलेशला कापूनही मीच दिलं, नावासकट. समीक्षा म्हणाली, “लोकांचं बोलणं ऐकायचं काम आजपासून तुझ्याकडे नाही. आणि त्या बाईंकडे जाऊ नकोस हं. त्यांनी तक्रार केली तर कंपनी अडचणीत येईल. आपण कंपनीकडून माफीचं पत्र पाठवू.”

“मी हसले होते, समीक्षा. पत्रात ते कसं लिहिणार?” असं म्हणून यशोधरानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेगडेवाडीला उतरली. स्टेशनाबाहेर पानाच्या टपरीवर तिनं अंबूबाईंचं घर विचारलं. टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “कोन, आंबीलवाल्या मावशी? त्या लिंबाच्या मागं जावा. हळू बोला पन!” बाकावरचे दोघं खिदळले.

अंबूबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि लगेच ओळखलं.

“वलवनची न्हवं तू? ये, बस. तुजा त्यो वाटाड्या गेला बघ. ओंकारनं काडून टाकला. फोन बी नेला संगं.” त्या सरकून बसल्या. “पोरी, माजंच चुकलं. मला तोंड आवरता आलं न्हाई. बटन दाबायच्या नादात कायतरी भलतंच दाबलं आसंल मी, आन् समद्या मुलखात गेलं. तुला बी साहेबांचा बोल लागला आसंल माज्यापायी. लागला का?”

यशोधरानं वाटेत मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडाशी येईना.

“मावशी, तुमी कायबी भलतं दाबलं न्हाई. ते मी दिलं भायेर.”

“दिलं म्हंजी?”

“हापिसात ऐकवलं. मग एकानं मागितलं, त्याला दिलं.”

“कशापायी?”

“हसायला.”

सुपातला हात थांबला. अंबूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही, नीट न कळलेली गोष्ट परत तपासून बघावी तसं.

“तू बी हसलीस?”

“व्हय.”

“लय?”

“लय.”

अंबूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “आता आमच्यासारकं बोलू नगंस,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी बी आसंच बोललीस, म्हनून मी इस्वास टाकला. तुजं शेरातलं बोलनं आसंल ते बोल.”

कानफटात बसली असती तरी यशोधराला इतकं लागलं नसतं.

मग अंबूबाईंनीच सांगितलं, तुटक तुटक. धाकटी लेक अनिता आंबीला दिलेली. तिच्या घरभरणीला जावयात आणि ओंकारमध्ये मानपानावरून वाजलं. ओंकारनं त्या घराची पायरी चढायची नाही असं सगळ्यांना बजावलं. दोन भाऊबीजा तशाच गेल्या. आणि आता बाजारात कुणीतरी सांगितलं, की अनिताला दिवस गेलेत, सातवा लागलाय. पूर्वी आंबीला जायचं ते ओंकारच्या गाडीवर. एकटीनं कसं जायचं आणि तो ड्यूटीवरून यायच्या आत परत कसं पोचायचं, हे विचारणार कुणाला? गावात विचारावं तर त्याच्या कानावर जाणार. म्हणून फोनला विचारलं.

“त्यानं ऐकलं. मला कायबी बोलला न्हाई, नुसता फोन घेतला. त्याचं मी बघून घीन. पन अनितानं निरोप धाडला, म्हनली, दोन वर्सं आली न्हाईस, आता समद्या जगाला सांगून यिऊ नगंस. तिच्या सासरी चेष्टा चाललीया तिची. तिला वाटतं, लोकास्नी ऐकवायला बोलले मी मुद्दाम.” त्यांनी हात पुढं केला. “मला ऐकव.”

“काय?”

“ते. समदी माज्याम्होरं नकला करत्यात, पन मी ऐकलं न्हाई आजून.”

यशोधरानं फोनवर लावलं. आंबे आले, सनई वाजली. अंबूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. स्वतःचाच आवाज त्या मान कलती करून ऐकत होत्या.

“वावगं काय बोलले गं मी?” त्या म्हणाल्या. “नीट तर इचारलंय. हे समद्यांच्या फोनातनं पुसता यील तुला?”

“नाही,” यशोधरा म्हणाली.

“मग चल आंबीला. अनिताला तू सांग.” त्या उठल्या आणि दोरीवरचं लुगडं ओढलं.

“आत्ता?”

“मग कवा? मुहूर्त काडायचा व्हय? आन् ओंकारला शेजारनं फोन लावून सांगते, चाललेय म्हनून. आता लपवायला ऱ्हायलंय काय?”

लोकलनं तळेगाव आणि तिथून रिक्षानं आंबी. रिक्षात अंबूबाई बाहेर बघत बसल्या होत्या. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. यशोधरानं एकदा “मावशी, पाणी हवं का?” म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बेगडेवाडीपासून त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

अनितानंच दार उघडलं. एक हात कमरेवर, पोट चांगलं पुढं आलेलं. आईला बघून तिचा चेहरा हलला आणि लगेच घट्ट झाला. “सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून?”

अंबूबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्यांनी यशोधराकडं बोट केलं. “हिचं आदी ऐक. मग जा म्हन, जाईन.”

यशोधरानं सांगितलं. आई लोकांना ऐकवायला बोलली नाही, तुझ्याकडे यायची वाट ती फोनला विचारत होती, कुणी ऐकणार नाही असा शब्द मी दिला होता आणि तो मी मोडला, हे सगळं. तिचं स्वच्छ, घासलेलं मराठी त्या अंगणात तिचं तिलाच बातम्यांसारखं ऐकू येत होतं. दुसरी बोली वापरायची सोय तिला राहिली नव्हती.

अनितानं सगळं ऐकून घेतलं. “तुम्हाला आई आहे?” तिनं विचारलं.

“आहे.”

“कुठली?”

“वलवणचीच. ती... ती यांच्यासारखंच बोलते.”

“मग तिचं वाजवून दाखवायचं होतं की हापिसात.”

अनिता वाट बघत उभी राहिली, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मग तिनं नजर काढून घेतली आणि आईचा दंड धरला. “ये आत. उन्हात उभी राहू नको. जेवलीस का?”

“सकाळी च्या घेतलाय.”

“म्हणजे नाही जेवलीस,” असं म्हणत तिनं आईला आत नेलं. दार लोटलं गेलं, पण कडी लागली नाही.

यशोधरा अंगणात उभी राहिली. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग अनिताचं रडणं आलं, आणि त्याच्यावरून अंबूबाईंचा आवाज, भरभरून, रागावल्यासारखा आणि लाडातला, “आगं किती वाळलीस, खातीस का न्हाई कायी? सासू देती का न्हाई?” भांडी वाजली. कुणीतरी हसलंसुद्धा. यशोधराच्या छातीवरचं ओझं तेवढ्यापुरतं हललं आणि पुन्हा होतं तिथंच बसलं. आतलं हे सुख तिनं दिलेलं नव्हतं. तिनं मोडलं होतं, आणि त्या दोघींनी ते आपलं आपण जोडलं होतं.

तरी ती थांबली. कुणी बाहेर येईल, मावशी एखादा शब्द टाकतील, निदान पाणी विचारतील, असं तिला वाटत होतं. आपण त्यासाठीच थांबलोय, हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

बऱ्याच वेळानं अनिता दाराशी आली. डोळे सुजले होते, हाताला पीठ लागलं होतं.

“तुम्ही अजून इथंच? आई राहणार आहे आज. ओंकारदादाचा फोन येऊन गेला, उद्या तो येतोय न्यायला.”

“बरं,” यशोधरा म्हणाली. “त्या काही म्हणाल्या का? माझ्यासाठी?”

अनितानं जरा विचार केला. खोटं बोलून बरं वाटवावं का, हा विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन गेल्यासारखं यशोधराला वाटलं.

“नाही,” अनिता म्हणाली. “पुढं वडापाशी रिक्षा मिळंल तुम्हाला.”

यशोधरा वडाच्या दिशेनं चालायला लागली.